दोन मुठींची करवत

"...आणि पुन्हा तसंच झालं तर, बाबा?"

खळदकर साहेब दर्ग्याच्या अंगणात येरझारा घालत होते. चार पावलं इकडे, चार तिकडे. मध्येच मोबाईलकडे एक नजर.

करीमशा फकीर कडुनिंबाच्या ओंडक्यावर लांब करवत टेकवून बसले होते. मागच्या आठवड्यातल्या वादळात तो कडुनिंब पडला. त्याच वादळात टेकडीवरून पलीकडच्या राज्यात जाणारी मोठी वीजवाहिनीही तुटली.

"काय झालं होतं?" फकिरांनी विचारलं.

"बिघाड त्यांच्याकडे झाला, आणि तारेवरून माझ्याकडे आला! अर्धं राज्य अंधारात गेलं. इस्पितळांसकट."

राज्यात वीज कुठून यावी आणि कुठे जावी, हे खळदकरांच्या शब्दावर चालायचं. त्या अंधारानंतर त्यांची झोप उडाली होती. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. साहेबांनी तर ताकाचं भांडंच पालथं घालून ठेवलं होतं.

तारा आज जोडून झाल्या. ते काम बघायलाच ते टेकडी चढून आले होते. पलीकडच्या राज्यात हेच काम बघणारे देवण्णा सकाळपासून विनवत होते, पहिल्यासारखी देवघेव सुरू करू. खळदकरांनी निरोप धाडला होता: वीज देऊ, घेणार नाही.

"संध्याकाळी पुरेल तुझी?"

"दुपारी उरते. ऊन उतरलं की कमी पडते... आज काही गावं बंद ठेवावी लागतील."

"मग माग."

"अडला हरी म्हणून मी त्यांचे पाय धरू? मी देणारा आहे, बाबा. मागणारा नाही."

फकीर खदखदून हसले. त्यांचा जन्म मागून खाण्यात गेला होता.

"ये, साहेबा. उरसाच्या चुलीला लाकूड हवंय. ती मूठ धर."

साहेबांनी बाह्या सरसावल्या. करवत जोरात ओढली, ती सरसर आली. मग तितक्याच जोराने त्यांनी ती फकिरांकडे ढकलली. पातं वाकलं आणि लाकडात रुतून बसलं.

"ढकलू नको."

"मग तुमच्याकडे जाणार कशी?"

"मी ओढेन."

पुन्हा सुरुवात झाली. साहेबांनी ओढली. फकीर ओढायला गेले, तर करवत अर्ध्यातच अडली.

"धरून ठेवलीस."

"तुम्ही हिसका दिलात तर माझी बोटं लाकडावर आपटतील!"

"आपटतील."

"मग?"

फकिरांनी आपली मूठ सोडली आणि ते सावलीत जाऊन बसले.

...

खळदकर चिडले. एकट्यानेच करवत चालवू लागले. पलीकडचं टोक नुसतं लटपटत राहिलं. घाम डोळ्यांत उतरला. ओंडक्यावर ओरखडे तेवढे उमटले.

ऊन कलत होतं. खाली गावात एखाददुसरा दिवा लागला. साहेबांची नजर गावातल्या बाळंतिणींच्या दवाखान्यावर गेली. आज बंद ठेवायच्या गावांत हेही गाव होतं.

खिशात फोन वाजला. देवण्णा. त्यांनी तो वाजू दिला. वाजून वाजून तो गप्प झाला.

"बाबा, ती मूठ धरा ना."

फकीर उठले नाहीत.

"धरा ना, बाबा... मला एकट्याला नाही जमत."

फकिरांनी त्यांच्या खिशाकडे बघितलं.

खळदकरांनी करवत सोडली. मग त्यांनी फोन काढला.

"देवण्णा, मी खळदकर... आज संध्याकाळी आम्हाला कमी पडतेय. द्याल का?"

देवण्णा काहीतरी लांबलचक बोलले. साहेब ऐकत राहिले, मान हलवत राहिले. "हो, दोन्हीकडून," ते म्हणाले. "पहिल्यासारखंच."

त्यांनी फोन ठेवला. वळून बघतात तर फकीर उठून करवतीची पलीकडची मूठ धरून उभे होते.

खळदकरांनी आपली मूठ धरली आणि ओढली. मग हात सैल केला.

"पण बाबा, पुन्हा तसंच झालं तर?"

करवत फकिरांकडे सरसर निघाली.

"आपटली बोटं, तर ओरड. मी थांबेन."