येते म्हणून गेलेली

त्या राज्यात आपल्या झाडावर घरटं विणणं पाखरांनी केव्हाच सोडलं होतं. विणकाम सगळं वाऱ्याच्या डोंगरात चाले. डोंगर दूर होता, उंच होता आणि कुणाच्याच बापजाद्यांचा नव्हता. पण तिथला वारा मोठा हुशार. पाखराने गवताची पात घेऊन एक वेढा घालून दाखवायचा, पुढचे वेढे वारा आपणहून घाली. घरटं पुरं झालं की तोच ते उचलून ज्याच्या त्याच्या फांदीला नेऊन टांगे. अर्धं राहिलेलं मात्र तो डोंगराबाहेर नेत नसे. ज्याला त्याला एक कोनाडा होता, आणि आत शिरायला ज्याचा त्याचा परवलीचा शब्द. मालक आत असेतोवर कोनाड्यापुढे एक काजवा उजेड धरून बसे. आपल्या बाभळीवर अजून हाताने, म्हणजे चोचीने, विणत बसणाऱ्यांना शेजारीपाजारी अडाणी म्हणत.

अशाच एका सुगरणीचं घरटं डोंगरात अर्धं झालं होतं. वरची कमान झाली होती, अंड्यांची खोली व्हायची होती. दाणापाण्यासाठी ती खाली उतरली, रात्रभर बाभळीवर टेकली आणि सकाळी परत गेली, तर दार तिला आत घेईना. तिच्या पोटात अंडी होती. अंडी कुणाच्या सोयीने थांबत नाहीत, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दारावर घोरपड होती. आधी तिथे एक म्हातारा बगळा असे. तो एका पायावर उभा राहून डुलक्या घेई, पण येणाऱ्याजाणाऱ्याला चेहऱ्यावरून ओळखी. तो थकला तेव्हा त्याच्या जागी खडकातून ही घोरपड आणली. ती कधी पेंगत नसे, कधी हसत नसे, दगडाला चिकटली की चिकटली. सुगरणीने चोचीतली पात पायाखाली धरली, घसा साफ केला आणि आपला शब्द म्हटला, "पहिली गाठ."

"प्रवेश नाही," घोरपड म्हणाली.

सुगरणीने शब्द पुन्हा म्हटला, सावकाश म्हटला, मोठ्याने म्हटला. उत्तर तेच. का नाही, हे घोरपड सांगत नव्हती, कारण तिला ते कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

अडलेल्यांच्या मदतीसाठी दाराशेजारी एक राघू बसवलेला होता. त्याचा आवाज फार गोड. "आपल्याला त्रास झाला, वाईट वाटलं," तो म्हणाला. "पाय धुऊन या. पायाला मागच्या खेपेची धूळ असली की दार गोंधळतं." सुगरण ओढ्यावर जाऊन पाय धुऊन आली. "प्रवेश नाही." मग राघू म्हणाला, पूर्वेच्या वाटेने आलात, आता पश्चिमेच्या वाटेने येऊन बघा. तिने डोंगराला वळसा घातला. ते झाल्यावर तो म्हणाला, डोळे मिटा, थोडं थांबा आणि उघडा. तिने तेही केलं. डोळे मिटले तेव्हा एवढं बरं वाटलं की उघडायचा कंटाळा आला.

"दारातच काही बदललंय का हो?" तिने विचारलं.

"दार ठीक आहे," राघू म्हणाला. "दार नेहमीच ठीक असतं. आपण शब्द बदलून घ्या."

शब्द बदलायचे नियम होते. शब्दात एक फूल हवं, एक आकडा हवा आणि एक हुंकार हवा, आणि तो शब्द आधी कधी मनातसुद्धा आलेला नको. सुगरणीने 'मोगरा' म्हटलं, तर तो कुणीतरी घेतला होता. 'जाई' फार छोटी पडली. शेवटी 'शेवंती सात हूं' एवढ्यावर राघूचं समाधान झालं. ती दारापुढे उभी राहिली आणि भर अंगणात, चारचौघांच्या देखत, "शेवंती सात हूं" असं म्हणाली. घोरपडीने नवा शब्द मान्य केला, आणि मग म्हणाली, "प्रवेश नाही."

अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे गाढवही बरं, असं सुगरणीला वाटून गेलं.

अंगणात तिच्यासारखी पुष्कळ पाखरं ताटकळत होती. साळुंक्या होत्या, मुनिया होत्या, एक वयस्क होला होता. सगळी घरंदाज, बोलायला मऊ. होला तर तिथे इतका रुळला होता की नव्या आलेल्याला तोच बसायची जागा दाखवी. त्याने सुगरणीला सावलीत जागा करून दिली आणि म्हणाला, "टेक जरा. अशा अवस्थेत इतकं हिंडू नये."

ती टेकली. पोटात जडपणा होता, पंख दुखत होते, आणि विणायचं होतं त्यातली एक काडीसुद्धा झाली नव्हती. दमायला काम तरी करावं लागतं. हे नुसतं दारात उभं राहून दमणं होतं, आणि त्याने ती रडकुंडीला आली होती. ती काही न करता दाराकडे बघत बसली.

तेव्हा सातभाई आले. सातभाई म्हणजे त्या राज्यातली सगळ्यांत आडदांड जमात. आपसात भांडत, एकमेकांना ढकलत ते दारातून आत गेले, घोरपडीने हूं की चूं केलं नाही. थोड्या वेळाने ते तसेच कलकलत बाहेर पडले. "जातो रे!" त्यांच्यातला एक घोरपडीच्या तोंडावर ओरडला. अंगणातल्या साळुंक्यांनी माना फिरवल्या. निघताना 'जातो' म्हणतात का कुणी? जातो ते कायमचं जाणाऱ्याने म्हणायचं, आणि तोही बिचारा म्हणत नाही. माणसांच्या शेजारी राहिलेल्या पाखरांना एवढी रीत असतेच: निघताना 'येतो' म्हणावं.

सुगरणीची मान मात्र फिरली नाही. काल संध्याकाळी दारातून उतरताना आपण काय म्हणालो होतो, ते तिला आठवत होतं. ती उठली आणि घोरपडीपुढे जाऊन उभी राहिली. या खेपेला तिने शब्द म्हटला नाही.

"मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"आत," घोरपड म्हणाली. "काल सकाळी 'येते' म्हणून आत आलीस. संध्याकाळी पुन्हा 'येते' म्हणालीस. 'जाते' म्हणाली नाहीस. जो आत आहे त्याला परत आत कसं घेऊ?"

"अहो, मी तर तुमच्यापुढे उभी आहे."

"काजवा पेटलेला आहे," घोरपड म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खडकातली होती. तिच्याकडे येते म्हणजे येते आणि जाते म्हणजे जाते.

सुगरण होल्याकडे परत आली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. तो पिसं नीट करत बसला.

"ठाऊक आहे गं मला," तो म्हणाला. "कधीचं ठाऊक आहे."

"मग 'जातो' म्हणून मोकळे का नाही झालात?"

"म्हटलं की काजवा विझतो. काजवा विझला की वारा कोनाडा झाडून घेतो. अर्धं घरटं ठेवत नाही तो." होल्याने डोंगराकडे बघितलं. "माझं सगळं आत आहे, बाई. आणि आहे तोवर आहे. तू कशाला घाई करतेस? कमान झालीय म्हणतेस ना तुझी? मग ती तिथे आहे. तिच्या भरवशावर बसता येतं."

तिला ते पटलंही. कमानीचा एकेक वेढा तिच्या डोळ्यांपुढे होता. इतकी रेखीव कमान तिला पूर्वी जमली नव्हती, पुढेही जमेल असं नाही. आणि पोटात अंडी असताना तो शब्द उच्चारायला ती धजेना. ती सावलीत बसली. ऊन कलायला लागलं. मग आतून एक कळ आली, बारीकच, पण ओळखीची. तिने पात चोचीत घेतली, दारापर्यंत गेली, आणि बोलण्यासाठी ती पुन्हा पायाखाली धरली.

"जाते," ती म्हणाली.

एका साळुंकीने शिव शिव केलं. डोंगराच्या पोटात कुठेतरी वारा उठला, फिरला आणि बसला. काय झाडलं गेलं ते सुगरणीला दिसलं नाही, पण कळलं, आणि तिला रडू आलं. ते तिने आवरलं नाही. तशीच ती म्हणाली, "येते. शेवंती सात हूं." घोरपड बाजूला सरकली.

आत उजेडच उजेड होता. खाली सातभाईंची अंधारी रांग सोडली तर वरपर्यंत एकेक कोनाडा घेतलेला, प्रत्येकापुढे काजवा जागत बसलेला, आणि एकाही कोनाड्यात पाखरू नव्हतं. कुठे वेढाभर विणलेलं, कुठे नुसती पात अडकवलेली. सुगरण आपली जागा शोधत वर गेली. ती शोधायला अवघड नव्हती, वर तेवढाच एक कोनाडा अंधारात होता. आत धूळसुद्धा ठेवली नव्हती वाऱ्याने.

ती पोहोचताच तिचा काजवा पुन्हा लागला. त्याच्या उजेडात तिला शेजारचा कोनाडा दिसला. कडेला होल्याचं एक करडं पीस पडलेलं होतं. आत चार काड्या होत्या, आडव्यातिडव्या टाकलेल्या, आणि त्यांच्यापुढे एक म्हातारा काजवा डोळ्याला डोळा न लावता बसला होता.

सुगरणीने पात टेकवली आणि पहिली गाठ मारायला घेतली. खाली अंगणात पाखरांची चरायला निघायची वेळ झाली होती. दारापाशी होल्याचा मऊ, अदबशीर आवाज आला. "बरंय घोरपडबाई," तो म्हणत होता, "येतो."