सहाव्या घासाची किंमत

एकदा एका जपानी गावात एक वृद्ध आचारी होता. वाग्यू, म्हणजे तिथले नामांकित गोमांस, ही त्याची खासियत. भाव असा की ऐकूनच सामान्यांचे पोट भरावे! पण कितीही मोठा पाहुणा येवो, वृद्ध त्याला पाचच पातळ काप वाढी.

चार वर्षे शिकलेल्या शिष्याला त्याने आज प्रथमच तव्यापाशी उभे केले. पाहुणा तृप्त झाला तर उद्यापासून तवा शिष्याचा. नाहीतर आणखी वर्षभर थांबणे आले.

पाहुणा होता शहरातला बडा व्यापारी, सोबत दोन मित्र. काप पाहताच तो कडाडला, "एवढे पैसे मोजून एवढंसंच? मित्रांसमोर माझी शोभा करताय का?"

शिष्याची गाळण उडाली. त्याने घाईघाईने तळहाताएवढा जाड तुकडा भाजून वाढला. वृद्ध गुरुजी बाजूला उभे राहून पाहत होते.

व्यापाऱ्याने पहिला घास डोळे मिटून खाल्ला. सहाव्या घासाला मात्र कपाळावर घाम आला. खाववेना, आणि ठेवावे तर अब्रूचा प्रश्न!

तेवढ्यात गुरुजींनी चक्क त्याचे ताट उचलून शिष्यापुढे ठेवले. "खा."

शिष्याने भीतभीत घास घेतला आणि त्याला हसूच फुटले, इतका आनंद! पाच घास भराभर गेले. सहाव्याला हात थांबला. "पुरे, गुरुजी. आता नको वाटतंय."

गुरुजी म्हणाले, "अडीच वर्षं जिवापाड जपलेल्या जनावराचं हे मांस. चरबी लोण्यासारखी विरघळते, म्हणून थोडक्यातच तृप्ती होते. पाच घास जीभ खाते बाळा, सहाव्यापासून माणूस नुसता भाव खातो. चूक तुझी नाही. चार वर्षं शिकवलं, पण एकदाही चाखायला दिलं नाही, ही चूक माझी."

व्यापारी खो खो हसत सुटला. "अहो, मलाही सहाव्यालाच नको झालं होतं! पण बोलणार कुणाजवळ?"

"अति तिथे माती!" मित्रांनी टोला हाणला.

"खरंय बाबांनो," व्यापारी शिष्याकडे वळला. "उद्या आईला घेऊन येतो. तूच कर. आणि पाचच काप हं!"

गुरुजींनी कमरेचे फडके सोडले, शिष्याच्या खांद्यावर टाकले आणि स्वतः पाहुण्यांच्या पंगतीत जाऊन बसले. "वाढ रे," ते म्हणाले, "मला भूक लागली आहे."