अध्यक्षांची एकसष्टी

गावाचा इतिहास लिहिताना अर्धं गाव गाळायचं आणि वर विचारायचं, बायकांनी केलंच काय? शाल्मलीच्या पुस्तकात याचं उत्तर होतं. बहात्तरच्या दुष्काळात गावचं तळं बायकांनी कसं खोदलं, हे खोदणाऱ्या आज्यांनीच तिला सांगितलं होतं. पुस्तक गावचं वाचनालय छापणार होतं, पण ऐन बैठकीत अध्यक्ष भोईटेसर अडून बसले.

"आया-आज्यांच्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत, पोरी. कागद दाखव, नाहीतर ते प्रकरण काढ."

तेच काढलं तर पुस्तकात उरणार काय? शाल्मलीने राग गिळला.

"सर, कागदावर तुमची जन्मतारीख काय?"

"एक जून. मास्तरांनी तेव्हा सगळ्याच पोरांची तीच लिहिली."

"मग तुमची एकसष्टी आपण नागपंचमीला का केली?"

"अगं, माझा जन्मच नागपंचमीचा. आईनेच तर..." सर बोलता बोलता थांबले.

शाल्मलीने हस्तलिखित त्यांच्यापुढे सरकवलं. शेवटी सर स्वतःशीच हसले आणि त्यांनी हस्तलिखितावर सही केली.

शेजारी बसलेले वाचनालयाचे चिटणीस पेनाला टोपण लावत म्हणाले, "माझीही एक जूनच आहे. आज घरी गेल्यावर आईला विचारतो."