झिपरीचे गच्च भरलेले गाल

फार वर्षांमागे, एकदा सकाळी ठीक सहा वाजता देवळावरची माकडं चार दिवस रानात राहायला निघाली. झिपरीचं मात्र आवरेना. एका हातात आरसा, काखेत बिस्किटांचा पुडा, आणि गालांत शेंगदाणे इतके कोंबलेले, की बाईसाहेबांना धड बोलताही येईना.

"अगं बये, रानात निघालीस की नांदायला?" तिची आत्या म्हणाली. "निम्मं ठेव की इथंच."

"हूं!" झिपरीनं नाक उडवलं. म्हणे निम्मं ठेव! लेकरू उपाशी राहिलं म्हणजे?

पोटाशी बिलगलेल्या लेकराला पुडा टोचत होता. रानात पोचताच ते कंटाळून उतरलं आणि पुढे पळालं. तेवढ्यात झिपरीला झुडपात बिबट्या दिसला, लेकरावरच टपलेला. ती जिवाच्या आकांताने ओरडली. आवाज आला, "घुं!" लेकराला वाटलं, आई अजून खातेच आहे.

भडाभडा शेंगदाणे थुंकून तिनं किंकाळी फोडली, तेव्हा कुठे ते झाडावर चढलं. शेपटीचा शेंडा मात्र खालीच राहिला, बिबट्याच्या जबड्यात.

"आता भरव लेकराला बिस्किटं," आत्या म्हणाली.

लेकराला घेऊन रानात निघालेली कुणी भेटली, तर तिच्या कानावर एवढं घाला.