महाराजांची शुद्ध खिचडी

इंग्रजीतले सगळे उसने शब्द काढून टाका, भाषा एकादशीच्या दुपारपर्यंत शुद्ध करून आणा, नाहीतर संस्थानाची वेस ओलांडा, असा हुकूम सर्जेराव महाराजांनी केळशीकर मास्तरांना फर्मावला.

चूक मास्तरांचीच. महाराजांना इंग्रजी शिकवता शिकवता त्यांनी तिचा इतिहासही सांगून टाकला. काही शब्द डेन लोकांनी आणले, काही फ्रेंच सरदारांनी, काही पाद्र्यांनी लॅटिनमधून. जुन्या इंग्रजीत शब्दांना आपल्यासारखे प्रत्ययही होते, पण परक्यांशी बोलता बोलता ते झिजून गळाले. महाराज खवळले. साहेबापुढे आपण फ्रेंचांचं उष्टं बोलायचं? उसनं परत करा आणि गळलेली शेपटं पुन्हा लावा! दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांना पगार त्याचाच होता.

मास्तर मुदपाकखान्याच्या पायरीवर येऊन बसले. आत येसूकाकू उद्याच्या उपासाची तयारी करत होत्या.

"उसनं काढलं तर मागे काय उरेल?" सगळा हुकूम ऐकून काकूंनी विचारलं.

"'किंग' उरेल. त्याचा 'क्राउन', 'कोर्ट' आणि 'पॅलेस' मात्र फ्रेंचांना परत द्यावे लागतील."

"हे सांगितलंत का त्यांना?"

"ऐकतात कुठे!"

"मग कानांच्या नादी लागायचंच नाही," काकू म्हणाल्या. समोरच्या चार जिनसा मूळच्या कुठल्या, एवढं त्यांनी मास्तरांकडून विचारून घेतलं आणि डब्यांची झाकणं लावून टाकली.

एकादशीला महाराज पाटावर बसले. चांदीच्या ताटात पातळ तूप, चिमूटभर मीठ आणि काड्यांसकट जिरं.

"हे काय आहे?"

"खिचडी, सरकार," वाढायला उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या. "शुद्ध केलेली. साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, मिरच्या, बटाटे, सगळे पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेले. उसनं काढून टाकलं."

"आणि या काड्या?"

"गळलेली शेपटं पुन्हा लावायचा हुकूम होता ना?"

महाराजांनी एक काडी चावून थुंकली. शेजारी दिवाणजी सवयीने म्हणाले, "वा, काय सुवास!" महाराजांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"पण बाई, खिचडी परक्यांची, तर ती उपासाला चालते हे ठरवलं कोणी?"

"कोणी नाही, सरकार. लोक खात गेले, ती आपली झाली. साहेबाचे लोक बोलत गेले, शब्द त्यांचे झाले. आता सांगा, वेशीबाहेर कोणाला पाठवू? मास्तर एकटे जाणार नाहीत. बटाट्यालाही सोबत धाडावं लागेल."

महाराजांच्या पोटात जोरात गुरगुरलं. ते स्वतःच हसू लागले, इतके की पाटावरून कलंडले. मास्तरांची नोकरी कायम झाली, काकूंना सोन्याच्या पाटल्या मिळाल्या, आणि वाफाळती, मिरची घातलेली खिचडी आली.

ते पहिलं ताट मात्र दिवाणजींना संपवावं लागलं. काड्यांसकट.