खटक्याचा हुकूम

कॉम्प्युटरमधल्या एका गावात, जिथं कालचीही गोष्ट जुनी होते, जत्रेत एक आकाशपाळणा होता आणि त्याला हुकूम सोडणारा एक तोरेबाज खटका. दोघांना बोलायला सत्तर नंबरचं खासगी चॅनल होतं. पण खटका म्हणे, "कुजबुजण्यात कसला रुबाब!" तो भर चौकातल्या चॅटवर ओरडायचा, आणि गावातलं प्रत्येक यंत्र चौकाला कान लावून असायचं.

जत्रा भरली. शेवंताकाकू पाळण्यात बसल्या. खटका गरजला, "फिर!"

पाळणा फिरला. पवनचक्की फिरली, उसाचा चरक फिरला, देवळाचा कळसही गरगरू लागला!

"सगळे माझंच ऐकतात!" खटका हरखला.

तेवढ्यात चरकाला हुकूम सोडणारा दुसरा खटका घाबरून चौकातच किंचाळला, "थांब!" सगळं थांबलं, पाळणासुद्धा. शेवंताकाकू आभाळात लटकल्या.

"फिर!" "थांब!" "फिर!" "थांब!" गाव उचक्या लागल्यासारखं हिसके खाऊ लागलं.

"मेल्या, आधी मला खाली घे, मग मिरव!" काकू वरून ओरडल्या.

पाळणा धापा टाकत म्हणाला, "दादा, चौकाकडचा कान मी बंद केलाय. सत्तरवर ये."

खटका ओशाळला. सत्तरवर हळूच म्हणाला, "फिर."

चौकात कुणाला काहीच ऐकू आलं नाही. काकू मात्र अलगद खाली आल्या आणि जाता जाता खटक्याला म्हणाल्या, "आत्ता कुठं बोललास बघ!"