बागेतला लोखंडी सरडा

फार वर्षांपूर्वी, बागेतली जनावरं माणसांपेक्षा जास्त बोलायची तेव्हाची गोष्ट. एका सार्वजनिक बागेत, कुंपणाच्या मेंदीत एक सरडा राहायचा. एके सकाळी शिल्पांच्या प्रदर्शनासाठी क्रेनने हिरवळीवर भंगारातून घडवलेला, घराएवढा लोखंडी सरडा आणून उभा केला. बघायला ही झुंबड उडाली!

"माझ्या हद्दीत?" आपला सरडा खवळला. गळा लालभडक करून, पुढच्या पायांवर जोर काढत त्याने मान वरखाली हलवली. सरड्यांच्यात हेच लढाईचं आव्हान. लोखंडी सरडा ढिम्म हलला नाही.

"बघितलंस, खारूताई? घाबरला!"

"अरे, लोखंडाचा आहे तो," खार म्हणाली.

"माझ्यापुढे भलेभले असेच गार पडतात!"

रोज जोर, रोज विजय! मग प्रदर्शन संपलं आणि कामगारांनी लोखंडी सरडा ट्रकवर घालून नेला.

"पळवला! एकट्याने पळवला!" सरडा आनंदाने वेडा झाला. बुलबुलांनी त्याच्यावर जास्वंदीच्या पाकळ्या उधळल्या, बेडकांनी डराव डराव ताल धरला, खारसुद्धा नाचली. नाच ऐन रंगात आला आणि क्रेन पुन्हा आली. या वेळी उतरलं घराएवढं लोखंडी मांजर, आ वासलेलं!

"सरडेराव, चला! यालाही पळवा!" सगळ्यांनी त्याला पुढे ढकललं.

"अहो, पण... लोखंडाचं आहे ते!"

"मग भ्यायचं कशाला?" खारीने विचारलं.

उत्तर द्यायला सरडा होता कुठे! सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. हा सापडला रस्त्यापलीकडच्या रसवंतीत, उसाच्या चिपाडांमध्ये, चिपाडाच्याच रंगाचा होऊन बसलेला.